चंद्रशिला, कार्तिकातला वारा आणि अंगावरचं कापड

दिवाळीची शिलाई संपलेली असते आणि तुळशीचं लग्न लागून लग्नसराईचे ब्लाऊज यायचे असतात. अंबाजोगाईत टेलरिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईला वर्षात मोकळे मिळतात ते हेच दिवस. उत्तराखंडात, गढवालातल्या चंद्रशिलेच्या डोंगरावर जायलाही हेच दिवस बरे. पाऊस सरलेला असतो, हवा धुतल्यासारखी, चौखंबा शिखर समोर उभं, आणि जाड बर्फ बहुतेक वेळा अजून पडलेला नसतो. पण माथ्यावर वारा असतो. आपण मराठवाड्यातली माणसं थंडीची तयारी करून जातो, वाऱ्याची करत नाही. दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी, आतून नवं कोरं बनियन. आणि मग वर जाऊन हुडहुडी भरली की देवाला बोल लावतो.

आधी आकडे सांगते. चोपता, जिथून पायी चढायचं, ते सुमारे 2700 मीटरवर. तुंगनाथाचं देऊळ सुमारे 3680 मीटरवर, पंचकेदारांत, म्हणजे शंकराच्या तिथल्या पाच देवळांत, सगळ्यांत उंच. चंद्रशिलेचा माथा 4000 मीटरच्या आसपास. आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे चढाई जिथं सुरू होते ती जागाच कळसूबाईच्या डोक्यावर हजार मीटर. अंतर तसं फार नाही. देवळापर्यंत साडेतीन-चार किलोमीटर फरसबंद वाट, पुढं माथ्यापर्यंत दीड किलोमीटरच्या आत-बाहेर माती-दगडाची. हे अंतर ऐकून "एवढंच होय?" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे चोपत्यात पाणी गोठायच्या बेतात असेल तर माथ्यावर उणे आठ धरा. शिवाय 4000 मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो.

यात वारा मिळवा. हवा शून्य अंशावर आणि वारा ताशी 40 किलोमीटर असला तर उघड्या कातडीला ते उणे सातसारखं लागतं. उणे पाचला तोच वारा असला तर उणे चौदा. आपल्याकडं परभणीचा पारा एक आकडी झाला की पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात, पण ती थंडी बहुतेक पहाटेच्या थांबलेल्या हवेतली असते. अंगाभोवती ऊब धरून बसता येतं. वारा ती ऊब धरूच देत नाही.

कापड

हे माझं क्षेत्र आहे, म्हणून इथं जरा जास्त बोलणार.

सुती काही घालू नका. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगताना जीभ अडखळते, पण सुती बनियन, सुती लेगिंग, जीन्स, सुती मोजे, सगळं घरी ठेवा. कापसाचा धागा पाणी पितो आणि सोडत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात तो गार वाटतो. जो गुण वैशाखात हवा असतो तोच तिथं जिवावर येतो. खात्री करायची असेल तर होजिअरीच्या बनियनचा एक तुकडा आणि खेळाच्या पॉलिस्टर टी-शर्टचा तेवढाच तुकडा भिजवा, पिळा आणि दोरीवर शेजारी शेजारी टाका. कोणता आधी वाळतो ते बघा. मग मला विचारायची गरज नाही.

अंगाला लागून पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ, अंगासरशी बसणारा टी-शर्ट, पूर्ण बाहीचा. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जाकीट. त्यावर वारा अडवणारं, पॅराशूटच्या कापडाचं विंडचीटर, टोपी जोडलेलं. आणि पाठपिशवीत वेगळं, फुगीर, भरीव जाकीट, फक्त थांबल्यावर घालायचं. जाड स्वेटर दिसायला दणकट, पण वीण मोकळी असते, वारा आरपार जातो. वर विंडचीटर असेल तरच तो कामाचा.

विंडचीटर घेताना दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नका. कापड तोंडाला घट्ट लावा, पलीकडं तळहात धरा आणि जोरात फुंका. हाताला फुंकर लागली तर तिथला वारा तुमच्या छातीला लागणार. शिवणीवरही फुंकून बघा, मुंढ्यापाशी तर नक्की. स्वस्तातल्या मालाचं कापड चांगलं असतं आणि टीप ढिली असते, तिथूनच गार शिरतं. बाहीच्या तोंडाला इलास्टिक किंवा आवळायची पट्टी हवी. कमरेला नाडी हवी. लांबी बसल्यावर कंबर झाकेल एवढी. दुकानात उभं राहून बघू नका, खाली उकिडवं बसून बघा.

आता एक काम घरी करा. जाकीट, विंडचीटर, पाठपिशवी, सगळ्यांच्या चेनीच्या कडीला बोटभर नाडीचा फासा बांधा. जाड हातमोजे घातल्यावर ती बारीक कडी सापडत नाही, म्हणून माणूस मोजे काढतो, आणि उघड्या वाऱ्यात बोटं दोन मिनिटांत लाकडासारखी होतात. फासा असला की मोजे न काढता चेन वर-खाली होते. दुकानात उरलेल्या परकराच्या नाड्या मी याच कामाला लावते. हातमोज्यांच्या दोन जोड्या न्या. आत पातळ, वर चारही बोटं एकत्र राहणारा जाड. बाहेरच्या मोज्यांना लांब इलास्टिक लावून ते दोन्ही बाह्यांमधून पाठीवरून फिरवून घ्या, लेकरांना शिवून देतो तसं. लोक हसतात. वाऱ्यानं उडालेला मोजा दरीत जाताना बघितला की हसणं थांबतं.

कानटोपी आपली नेहमीचीच चालते, वरून विंडचीटरची टोपी ओढायची. गळ्याला मफलर नको. त्याची टोकं वाऱ्यात तोंडावर आपटतात आणि पायातही येतात. नळीसारखा गळपट्टा बरा, नाकावर ओढता येतो. पायात एक पातळ आणि एक लोकरीचा मोजा, पण बूट आवळून बसला तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. म्हणून बूट संध्याकाळी, दोन्ही मोजे घालून, एक नंबर मोठाच घ्या, आणि निघायच्या आधी महिनाभर गावात वापरा. डोळ्यांना चष्मा हवा, उन्हासाठी आणि वाऱ्यानं येणाऱ्या पाण्यासाठीही.

साडी नेसून जाणाऱ्या बाया मी तिथं बघितल्या आहेत आणि त्यांच्या भक्तीला हात जोडले आहेत. पण भरलेल्या वाऱ्यात साडीचा घोळ शीड होतो. देवळापाशी नेसायची तर पिशवीत न्या.

घामाचं गणित

एवढं सगळं घालून चालायचं नाही, हे पटवणं सगळ्यांत अवघड. निघताना अंगावर उलीसं हीव वाजलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घाम सुटणार, आणि तो घाम पुढं पहिल्या थांब्यावर तुम्हाला गाठणार.

आमचे दाजी, अक्काचे यजमान, सल्ला ऐकून न ऐकल्यासारखं करणारे. पॉलिस्टरच्या खाली बनियन घातलंच होतं त्यांनी, "उघडं उघडं वाटायलं" म्हणून. तुंगनाथाला पोचले ते तांबडे होऊन, कपाळावर घामाचे थेंब, आणि देवळाबाहेरच्या दगडी ओट्यावर टेकले. मी म्हटलं, "दाजी, आधी आतलं बनियन बदला."

"अगं घाम यायलाय मला, थंडी कुठं वाजायली? उगं घाबरवायलीस."

चहा सांगितला. चहा यायच्या आत त्यांचा पेला धरलेला हात थरथरायला लागला आणि तोंडातला शब्द अर्धवट तुटायला लागला. अक्कानं आणि मी त्यांना भिंतीच्या आडोशाला नेलं, बनियन काढलं, कोरडा टी-शर्ट, वर भरीव जाकीट, कानटोपी. ते बनियन मी पिळलं तर धार लागली. वीसेक मिनिटांनी माणूस पुन्हा बडबडायला लागला. तिथूनच त्यांना खाली पाठवलं, अक्कासोबत. माथा त्यांच्या नशिबात नव्हता त्या दिवशी, आणि त्यांनीही तक्रार केली नाही.

म्हणून नियम एकच पाठ करा. थांबायच्या आधी जाकीट चढवायचं, निघायच्या आधी काढायचं. थंडी वाजायला लागल्यावर घालायचं म्हणाल तर उशीर झालेला असतो. चेन चालताना खाली, कड्यावर आलं की वर. घाम येतोय असं वाटलं की वेग कमी करा, आधी कपडा काढू नका. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, एखादा अभंग धाप न लागता म्हणता आला पाहिजे. वाक्य मध्ये तुटत असेल तर तुम्ही पळताय.

सराव कुठं करायचा

अंबाजोगाईच्या माणसाला मुकुंदराजांच्या समाधीची दरी आहे. उतरायचं, चढायचं, पुन्हा उतरायचं. संभाजीनगरच्या माणसाला देवगिरी आणि म्हैसमाळ आहे, कन्नडच्या बाजूला गौताळा आणि अंतूरचा किल्ला. नांदेडवाल्यांनी माहूर गाठावं. लातूरकरांना सपाटी फार, त्यांनी जिने चढावेत. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून पाच-सहा किलो करा, वर गेल्यावर पाणी झाडाला घाला आणि रिकाम्या पिशवीनं उतरा. गुडघे वाचतात आणि झाडाचंही भलं होतं. नवरात्रापासून लागलात तरी चालेल. उंचीची सवय मात्र इथं कुठंच होत नाही, ती तिथं जाऊनच करावी लागते. रक्तदाब, साखर, दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवा. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा, मेडिकलवाल्याला नको.

पोचणं

सचखंड एक्सप्रेस नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दिल्लीला सोडते. या गाडीला वाटेतल्या स्टेशनांवर लंगर असतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ताट-वाटी जवळ ठेवा. दिल्लीहून हरिद्वार-ऋषिकेश, पुढं देवप्रयाग, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, उखीमठ. ऋषिकेशहून चोपता साधारण 200 किलोमीटर, घाटाचा रस्ता, पूर्ण दिवस जातो.

त्या दिवशी थेट चोपत्याला जाऊ नका. रात्री उखीमठला थांबा. केदारनाथाची हिवाळ्यातली पूजा तिथल्या ओंकारेश्वराच्या देवळात होते, परळी, औंढा, घृष्णेश्वर करणाऱ्या माणसाला तेवढं दर्शनही घडतं. दुसऱ्या दिवशी सारी गावातून देवरियाताल चढा, अडीचेक किलोमीटरची चढण, तळं सुमारे 2400 मीटरवर. दिवसा उंच जायचं, झोपायला खाली यायचं. तिसऱ्या दिवशी चोपता, तिथं पोचून नुसतं हिंडायचं, आणि चौथ्या दिवशी माथा. सुट्टी कमी आहे म्हणून यातला एक दिवस खाणारे लोक डोकं धरून बसलेले असतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, अशी लक्षणं असतील तर वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

तुंगनाथाची कपाटं, म्हणजे देवळाची दारं, याच सुमारास हिवाळ्यासाठी बंद होतात. तारीख दसऱ्याला जाहीर होते, नंतर देवाची डोली खालच्या मक्कूमठ गावाला, हिवाळ्याच्या मुक्कामाला जाते. कपाट उघडं असेपर्यंत वाटेवर चहा-मॅगी मिळते. बंद झाल्यावर वाट ओस पडते, टपऱ्याही उठतात. तेव्हा सगळं आपलं आपण न्यायचं आणि स्थानिक वाटाड्या घ्यायचा, पैसे वाचवायचे नाहीत.

चढायचा दिवस

सूर्योदय माथ्यावरून बघायचा म्हणून लोक रात्री तीनला निघतात. फोटो चांगले येतात. मी मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सांगत नाही. ती दिवसातली सगळ्यांत गार वेळ, फरशीवरून वाहिलेल्या पाण्याचा काचेसारखा पातळ बर्फ झालेला, बॅटरीच्या उजेडात तो दिसत नाही, आणि वर लवकर पोचलात तर सूर्य उगवेपर्यंत वाऱ्यात उभं राहायचं. त्यापेक्षा उजाडता उजाडता, सहाच्या सुमारास निघा. नवला देऊळ, अकराच्या आत माथा. ऊन वर आलं की उतारांची हवा तापते आणि दुपारकडं वारा वाढतो, ढगही चढतात. साडेअकरा वाजले की जिथं असाल तिथून माघारी, माथा पन्नास पावलांवर असला तरी. ही वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा, कारण वर ऑक्सिजन कमी आणि हौस जास्त असते, तिथं ठरवलेलं बरोबर नसतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत सूर्य गेलेला असतो.

पाण्याचं एक. गारठ्यात तहान लागत नाही आणि बाया तर मुद्दाम पीत नाहीत, आडोसा कुठं शोधायचा म्हणून. हे करू नका. सुकलेलं शरीर लवकर गारठतं आणि डोकंही लवकर दुखतं. दोघी-तिघींनी मिळून जा, एकीनं ओढणी किंवा शाल आडवी धरायची, झालं. पाणी थर्मासमध्ये कोमट न्या. साधी बाटली असेल तर पिशवीत उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूनं धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. मोबाइल आणि पॉवर बँक फ्लीसच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर ठेवली तर भरलेली बॅटरीही मान टाकते.

खायला मी गूळपोळी नेते. आठवडाभर टिकते, गारठ्यात दगड होत नाही, मोजे घातलेल्या हातानं तुकडा मोडता येतो. चिक्की दाताला लागते. धपाटे आणि दशम्या गाडीतच संपतात, त्यांचा भरवसा धरू नका. गूळ-शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे विंडचीटरच्या खिशात, दर पाऊण तासाला दोन घास, चालता चालता.

कड्यावर

देवळाच्या पुढं वाट उघड्यावर येते आणि वारा खरा लागतो. तिथं पोचायच्या आधी, आडोसा असतानाच सगळं आवळून घ्या. चेन वर, टोपीची नाडी घट्ट, नाक झाका. पाठपिशवीवरचं पावसाचं कव्हर काढून आत ठेवा, ते फुगलं की माणूस फिरतो. सैल पोंचो, म्हणजे झग्यासारखा रेनकोट, तर नकोच. काठ्या आखूड करून रुंद टेका, पावलं छोटी टाका. झोत आला की थांबा, गुडघे वाकवा, काठ्यांवर भार द्या, झोत गेला की चाला. वारा सारखा एका बाजूनं ढकलत असतो आणि आपण नकळत त्याच्यावर रेलतो. तो अचानक पडला की तोल त्याच बाजूला जातो, म्हणून दरीच्या काठापासून माणूसभर अंतर सोडा. चालताना तोल सांभाळायला दर पावलाला काठी टेकावी लागत असेल तर वारा ताशी 50 किलोमीटरच्या घरात आहे असं समजा आणि वळा.

माथ्यावर छोटं देऊळ आहे. त्याच्या वारा न लागणाऱ्या बाजूला बसा, फोटो एका झटक्यात काढा, पंधरा मिनिटांत निघा. समोर चौखंबा, पूर्वेकडं नंदादेवी, त्रिशूळ. डोळ्यांनी बघायला मोजे काढावे लागत नाहीत.

सोबत्यावर लक्ष ठेवा, कारण गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळत नाही. बोलका माणूस गप्प झाला, चिडचिड करायला लागला, शब्द जड यायला लागले, सपाटीवर अडखळायला लागला, तर अंगठा करंगळीला लावून दाखवायला सांगा. जमलं नाही तर ताबडतोब आडोसा, ओले कपडे बाहेर, कोरडे अंगावर, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी, आणि खाली. हात-पाय चोळू नका, दारू देऊ नका. घोटभर घेतल्यानं ऊब येते असं सांगणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. दारूनं कातडीकडं रक्त धावतं, आतली ऊब बाहेर जाते. नाकाच्या शेंड्यावर, गालावर पांढरा चट्टा दिसला तर उघडा कोमट तळहात त्यावर ठेवून धरा. घासायचं नाही.

उतरताना

बहुतेक माणसं इथंच पडतात. पाय थकलेले, मन चोपत्याच्या चहावर. काठ्या लांब करा, बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढं आपटणार नाहीत. सावलीतल्या फरशीवर सकाळचा बर्फ दुपारीही असू शकतो. तिथं कडेच्या गवतावरून किंवा मातीवरून चाला. उतारावर अंग तापत नाही, म्हणून चढताना काढलेला फ्लीस उतरताना घालावा लागतो, हे विसरतात.

खोलीवर पोचलं की आधी मोजे आणि आतला टी-शर्ट बदला, मग अंथरुणावर पडा. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, चुलीजवळ ठेवू नका, सोल सुटतो. आणि विंडचीटर घरी आल्यावर साध्या साबणानं, हातानं धुवा. मशीनमध्ये नको, कपड्याला मऊ करायचं ते सुगंधी द्रावणही नको. चेनीला बांधलेल्या नाड्या तशाच राहू द्या, पुढच्या कार्तिकात पुन्हा बांधत बसावं लागत नाही.